शस्त्रं ठेवल्यानंतरचा पहिला पराभव

पुणे

सप्रेम आशीर्वाद,

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचून काढला. जंगलातून विधानसभेत आलेल्या पक्षांवर पुण्यात बसून कुणी इतक्या जिव्हाळ्याने काम करायला घेतंय, याचा मला मनापासून आनंद झाला. हरकत एकच आहे. तुझी मांडणी शस्त्रं खाली ठेवण्याच्या शांतता करारापाशी सुरू होते आणि पहिल्या विजयापाशी संपते. करार हा सोहळा असतो आणि पहिली निवडणूक बहुतेक वेळा लाटेवर निघून जाते. असा पक्ष खरोखर निवडणुकीच्या राजकारणात रुळलाय का, हे तो हरतो तेव्हा कळतं. म्हणून तू पराभवांवर लिही.

नेपाळचंच बघ. १९९६ ते २००६ लढलेले माओवादी २००८ च्या संविधान सभेत निवडून द्यायच्या ५७५ पैकी २२० जागा घेऊन सगळ्यात मोठा पक्ष ठरले. तू इथे थांबलास. २०१३ मध्ये त्याच पक्षाला ८० जागा मिळाल्या आणि पक्षाचे नेते खुद्द प्रचंड काठमांडूत पडले. दुसऱ्या मतदारसंघाने, सिराहाने, हात दिला म्हणून ते सभेत तरी पोहोचले. मतमोजणी चालू असतानाच पक्षाने गैरप्रकाराचा आरोप करून अंग काढून घेतलं. मग महिनाभर बोलणी, शेवटी चार कलमी समझोता, आणि पक्ष सभेत जाऊन बसला. हा महिना तुझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आहे. त्या महिन्यात बंदुका पुन्हा का निघाल्या नाहीत? एक उत्तर मला ठाऊक आहे: तोपर्यंत फौजच उरली नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी केलेल्या १९,६०२ लढवय्यांपैकी साधारण १,४०० जण नेपाळी सैन्यात गेले, बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घरचा रस्ता धरला. पण पडताळणीत आणखी ४,००८ जण अपात्र ठरले होते, त्यातले बहुतेक अल्पवयीन. २०१० मध्ये त्यांना छावण्यांतून बाहेर काढलं गेलं. ही मुलं आता तिशीत आहेत. पक्षाने त्यांना पुढे काय दिलं, ती कुणाला मत देतात, हे विचारायला तू जायलाच हवं. नेत्यांच्या मुलाखती कुणीही घेईल.

मिझोराम आपल्याच देशातलं आहे, पण मराठीत त्यावर किती कमी लिहिलं गेलंय! १९५९ चा तो बांबूचा फुलोरा, उंदरांनी फस्त केलेली शेतं आणि दुष्काळ, हे तुझ्या टिपणात आहेच. दुष्काळाच्या मदतीसाठी निघालेल्या संघटनेची १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, १९६६ मध्ये उठाव झाला, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले, आणि ३० जून १९८६ ला करार झाला. तुझ्या नजरेतून एक गोष्ट निसटली आहे. करारानंतर काँग्रेसचे लाल थनहावला मुख्यमंत्रिपदावरून उतरले, ती खुर्ची फ्रंटचे नेते लालडेंगांना दिली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. रुळावं लागतं ते फक्त बंडखोरांना नाही, समोरच्यालाही. हे तू ठळकपणे मांड.

लालडेंगा १९८७ ची निवडणूक ४० पैकी २४ जागांनी जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांचे आमदार फुटले, सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, १९८९ मध्ये काँग्रेस परत आली. वीस वर्षं भूमिगत लढलेल्या माणसाचं सरकार पक्षांतराने जातं आणि तो विरोधात बसतो! मला विचारशील तर मिझोरामची शांतता कागदावर आली १९८६ मध्ये आणि पक्की झाली १९८९ मध्ये.

लालडेंगांचे जंगलातले सचिव झोरामथांगा पुढे १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाले, २००८ मध्ये पक्ष तीन जागांवर आला, २०१८ मध्ये पुन्हा सत्तेत. २०२३ ची मोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. तो रविवार, चर्चचा दिवस, म्हणून लोकांच्या मागणीवरून ती मिझोरामपुरती एक दिवस पुढे गेली. झोरामथांगा स्वतःची जागाही हरले आणि त्याच दिवशी राज्यपालांकडे राजीनामा देऊन आले. ना आरोळ्या, ना बंद. तिथे चर्चच्या पुढाकाराने उभं राहिलेलं मिझोराम पीपल्स फोरम सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बसवतं, प्रत्येकाला नेमून दिलेला वेळ देतं, पोस्टर-बॅनरवर मर्यादा घालतं. फ्लेक्सखाली गुदमरलेल्या आपल्या चौकांत वाढलेल्या तुझ्यासारख्याने तो मंच एकदा डोळ्यांनी पाहावाच.

एल साल्वादोरवर तू बरीच पानं खर्च केली आहेस, ती कमी कर. तिथल्या गनिमांच्या एफएमएलएन पक्षाचा १९९२ चा करार, २००९ मध्ये सत्ता मिळेपर्यंतची चिकाटी आणि २०२४ मध्ये संसदेत शून्य जागा, एवढं पुरे. मात्र या पूर्वीच्या गनिमांनी २०१७ मध्ये आपल्या पक्षातून काढलेला नायिब बुकेले दोनच वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाला, हे सोडू नकोस.

संयुक्त महाराष्ट्र समितीशी तुलना करावी का, असं विचारलं होतंस. जपून कर. समिती सशस्त्र नव्हती, १०६ हुतात्मे आंदोलकांच्या बाजूचे होते. पण मागणी मान्य झाल्यावर पक्षाला एकत्र धरणारं काय उरतं, हा प्रश्न तोच आहे. पुण्याने १९५७ मध्ये समितीतल्या नानासाहेब गोऱ्यांना लोकसभेत पाठवलं, राज्य झाल्यावर १९६२ मध्ये ती जागा काँग्रेसकडे गेली, १९६७ मध्ये समितीचेच जुने नेते एसेम जोशी निवडून आले. हे मतदार तुझ्या आजोबांच्या पिढीचे. त्यातले जे आहेत, त्यांच्याशी आताच बोलून घे.

कामाचं सांगतो. निवडणूक आयोगाचे मतदारसंघनिहाय आकडे आधी उतरवून घे, मगच लोकांना भेट. नेपाळी देवनागरीतच आहे, रोज एक बातमी वाचत गेलास तर काही महिन्यांत सराव होईल. ऐझॉलमध्ये करारानंतर परतलेल्या जुन्या सैनिकांची संघटना आहे, तिथे आधी जा. बंदुकीचा पश्चात्ताप होतो का, असलं काही विचारू नकोस. तिकीट कुणाला मिळालं, कुणाला नाकारलं, शाखेचं भाडं कोण भरतं आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं होतं का, हे विचार.

२०१३ आणि १९८९ ही दोन प्रकरणं आधी लिहून पाठव. प्रस्तावना सगळ्यात शेवटी बघू.

तुझा,
सर