हा कागद कुठल्या खिडकीवर चालतो?

प्रश्न : माझी मुलगी अनुदानित शाळेत आठवीत आहे. शेजारच्यांच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलीची ऑलिंपियाडची पदकं ओळीनं टांगली आहेत. आमच्याकडे एकही नाही. क्लासवाले म्हणतात, एनटीएसचा फाउंडेशन कोर्स लावा, दोन वर्षांची फी एकदम भरली तर सवलत देतो. मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत. मुलगी हुशार आहे, पण मागे पडेल अशी धास्ती वाटते. काय करावं?
(एक आई, विटा)

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे ती फी भरू नका. एनटीएस म्हणजे एनसीईआरटीची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा. एके काळी तिला मोठा मान होता, पण 2021 पासून ती थांबलेली आहे. जी परीक्षा होतच नाही तिच्यासाठी सवलतीत फी घेणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता शेजारची पदकं. शाळेत स्पर्धा परीक्षा विभाग माझ्याकडे होता तेव्हा पालक अशी पदकं पिशवीतून घेऊन यायचे आणि टेबलावर मांडायचे. मी एकच विचारायची, हा कागद कुठल्या खिडकीवर चालतो? म्हणजे कुठल्या प्रवेशाला, कुठल्या शिष्यवृत्तीला, कुठल्या नोकरीला तो कुणी मागतं का? खासगी कंपन्यांच्या बहुतेक ऑलिंपियाडना उत्तर ‘नाही’ असं येतं. फी भरली की पेपर, पेपर दिला की प्रमाणपत्र, आणि शाळेतल्या शाळेत पहिल्या आलेल्याला पदक. मुलांना पेपर सोडवायची सवय लागते, तेवढा फायदा मी नाकारत नाही. पण त्यावरून कुणी पुढे गेलं आणि कुणी मागे पडलं असं होत नाही.

खरी ऑलिंपियाड वेगळी. तिची सूत्रं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. गणितासाठी पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा, दहावीपर्यंतच्या मुलांना विज्ञानासाठी एनएसईजेएस ही परीक्षा. तिथे पदक लवकर हाती लागत नाही. प्रश्न असे असतात की चांगली मुलंही अर्धा पेपर कोरा ठेवून बाहेर येतात. मुलीला गणिताचं वेड असेल तर जरूर बसवा. नसेल तर राहू द्या.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींवर माझं बोट थांबलं : आठवी, अनुदानित शाळा, यंत्रमाग. ताई, तुमच्या मुलीची परीक्षा एनएमएमएस आहे! आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे ही. आपल्याकडे परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. सातवीला किमान 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. दोन पेपर असतात. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे 90, प्रत्येकाला दीड तास. दुसऱ्या पेपरात विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित, आणि सगळं सातवी-आठवीच्या पुस्तकांतलं. त्याला क्लास लागत नाही. जुने पेपर आणि घड्याळ पुरतं.

अर्ज शाळेतून भरला जातो, म्हणून उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. आणि अभ्यासाइतकीच कागदांची काळजी घ्या, कारण माझ्या डोळ्यांदेखत मुलं परीक्षेत पास झाली आणि कागदात अडकली. एकीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’. पोर्टलला दोघं वेगवेगळे गृहस्थ वाटले. दुसरीचं खातं आईच्या नावावर, त्यामुळे पैसे सुटलेच नाहीत. खातं मुलीच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आत्ताच काढून ठेवा. शिष्यवृत्ती मिळाल्यावर दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा घरात लग्न निघालेलं असतं आणि तारीख टळते. दहावीला 60 टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. अकरावीला विनाअनुदानित कॉलेजात गेलात तर शिष्यवृत्ती बंद होते, तेही लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी ती नववीत जाईल. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ती 1981 पासून घेतं. लेखीतून निवडल्या गेलेल्यांना प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. पदकासाठी नाही, प्रात्यक्षिकासाठी बसवा. ब्युरेट (थेंब मोजायची काचेची नळी) हातात धरून थेंब मोजणारी मुलगी आपल्याकडच्या किती शाळांत दिसते?

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या शाळेत मल्टी स्किल हा विषय आहे. मला वेल्डिंग फार आवडतं. गोठ्याचं फाटक मी आणि चुलत्यांनी मिळून केलं. वडील म्हणतात, वेल्डिंग शिकायला शाळा कशाला, दुकानात बस आणि शाळेत अभ्यासाचे विषय घे. शिवाय यातून मला काही बक्षीस किंवा मान मिळू शकतो का?
(एक विद्यार्थी, पलूस तालुका)

उत्तर : अरे, तू पलूसचा! तुझ्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. त्या माळाच्या सावलीत राहणाऱ्या वडिलांनी लोखंडाला ‘अभ्यासाचा विषय’ न मानणं, हे मला जरा गंमतीचं वाटतं. त्यांना सांग, बाईंनी रागावून नाही, हसून लिहिलंय.

मल्टी स्किल म्हणजे चार विभाग : वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती आणि गृह-आरोग्य. ही कल्पना पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातून आली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो 1983 मध्ये सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकायचं, असा त्यांचा आग्रह. हा विषय दहावीच्या गुणपत्रिकेत येतो, त्यामुळे तो ‘बिनअभ्यासाचा’ नाही. शिवाय कौशल्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं.

दुकानात तुला वेल्डिंगचा टाका घालता येईल. पण तो टाका का तुटतो, हे दुकानात कुणी थांबून सांगत नाही. आमच्या शाळेतल्या निदेशकांची एक सवय होती. पोरानं टाका घातला की ते चिपिंग हॅमरनं स्लॅग, म्हणजे टाक्यावरचं जळकं कवच, ठोकून काढायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे आणि मग भिंगातून बघायला लावायचे. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली की विचारायचे, रॉड ओला होता का? जॉबवर गंज, तेल होतं का? करंट किती ठेवला होतास? पोरगा म्हणायचा, ‘दिसायला तर बरा आहे की सर.’ त्यावर ते तो जॉब व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) धरून हातोड्यानं वाकवायचे. ‘बरा’ टाका तिथेच उकलायचा. मग नव्यानं.

बक्षिसाचं म्हणशील तर केंद्र सरकारची ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ ही योजना बघ. शाळा मुलांच्या कल्पना पोर्टलवर पाठवते. निवड झाली की मॉडेल करायला 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात, आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन. पण कल्पना तुझी हवी, बाजारातली नको. आमच्या जावळीकडच्या एका मुलीनं भुईमुगाच्या शेंगा तोडायची चौकट केली होती. आजीची बोटं सोलायची म्हणून सायकलच्या जुन्या तारा एका लाकडी पट्टीत ठोकलेल्या, दिसायला अगदी ओबडधोबड. शेजारच्या टेबलावर पुण्याहून आणलेलं चकचकीत हायड्रॉलिक जेसीबी. परीक्षकांनी त्या मुलाला विचारलं, नळीत पाणीच का, तेल का नाही? तो बाबांकडे बघायला लागला. मुलीला विचारलं, दोन तारांत एवढंच अंतर का? ती म्हणाली, ‘याहून कमी ठेवलं तर डहाळा अडकतो, जास्त ठेवलं तर शेंग सुटून जाते. तीनदा उपटून ठोकल्यात.’ निवड कुणाची झाली हे सांगायला नको.

तुझ्या गोठ्याच्या फाटकात काय अडचण येते? म्हैस शिंगानं कडी उघडते का? तिथून शोध.

दहावीनंतर आयटीआयला वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. दोन वर्षांचा ट्रेड केलास तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट असते. हे वडिलांना आवर्जून वाचून दाखव. त्यांचा विरोध वेल्डिंगला नाही, तो पुढे काय या काळजीपोटी आहे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. आणि डोळ्यांवर काळी काच घेतल्याशिवाय टाका बघू नकोस. चुलते घेत नसतील, तरी तू घे.

प्रश्न : मुलाला इंटरमिजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड आहे आणि धाकटी तिरंदाजीत जिल्ह्याला खेळली. दहावीला याचे गुण मिळतात का?
(एक पालक, कोरेगाव)

उत्तर : इंटरमिजिएटला ए ग्रेडला 7, बीला 5 आणि सीला 3 वाढीव गुण मिळतात. म्हणजे मुलाचे 5 नक्की, पण ते आपोआप बसत नाहीत. शाळेनं बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. चित्रकलेच्या सरांना प्रमाणपत्राची झेरॉक्स आत्ताच द्या आणि यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. निकाल लागल्यावर धावाधाव करणारे पालक मी दर जूनमध्ये बघितलेत.

खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीवर ठरतात. जिल्ह्यापेक्षा राज्य, राज्यापेक्षा राष्ट्रीय वरचढ. स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रस्ताव शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत जातो. धाकटीची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये तारखेनं लावून ठेवा, लॅमिनेट मात्र करू नका, मागे शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते. बाकी गुणांचा हिशेब तिच्यासमोर फार करू नका. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हापासून इथल्या निम्म्या घरांत धनुष्य आलंय आणि त्यातल्या निम्म्या घरांत ते कपाटावर गेलंय. तुमची पोरगी जिल्ह्यापर्यंत पोचली. सरावाला रोज सोडायला कोण जातं, तेवढं आधी ठरवा.