पहिल्या अल्बमआधी ‘नको’ची यादी

प्रिय पोरी,

तुझा मेल वाचला आणि सोबतची दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. एक जॅमपॅडमध्ये, म्हणजे तुमच्या तालमीच्या खोलीत, फोनवर घेतलेलं, दुसरं प्रोड्यूसरने स्टुडिओत सजवलेलं. गाणं तेच. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी आहे: ड्रम्स काटेकोर क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठेक्यावर, कोरसखाली सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, मधे गिटारचा लांब सोलो. पण तुमचा बँड मला पहिल्यातच ऐकू आला. तुलाही तसंच वाटतंय, हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतं. प्रोड्यूसर अनुभवी माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं, एवढाच तुझा पेच आहे.

आर.ई.एम. या बँडचा पहिला अल्बम ‘मर्मर’ ऐकला नसशील तर आज रात्री हेडफोन लावून सलग ऐक. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, तिथली ही चार पोरं. गायक मायकेल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बासवर माइक मिल्स, ड्रम्सवर बिल बेरी. मे १९८२ मध्ये त्यांनी आर.सी.ए.सारख्या बड्या कंपनीला नकार देऊन आय.आर.एस. या छोट्या कंपनीशी करार केला. अल्बमसाठी कंपनीला स्टीफन हेग हा वजनदार प्रोड्यूसर हवा होता. त्याने ‘कॅटापल्ट’ या एकाच गाण्याचे टेकवर टेक घ्यायला लावले, इतके की बेरीचा धीर सुटला. पुढे हेगने ते गाणं बॉस्टनच्या स्टुडिओत नेलं आणि बँडला न विचारता त्यावर कीबोर्ड चढवले.

हेग कच्चा माणूस नव्हता. पुढे पेट शॉप बॉईज आणि न्यू ऑर्डरबरोबर त्याने जे काम केलं ते आजही कान देऊन ऐकावं असं आहे. तो या चौघांसाठी नव्हता, इतकंच. तुझ्या प्रोड्यूसरबद्दलही असाच विचार कर, म्हणजे मनात कडवटपणा राहणार नाही.

त्यांनी केलं काय, ते नीट बघ. कंपनीकडे मागणं मागितलं: आमच्या माणसाबरोबर एक गाणं करू द्या, मग ठरवा. तो माणूस मिच ईस्टर. आईवडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याचा स्टुडिओ होता आणि बँडचं आधीचं काम त्यानेच रेकॉर्ड केलेलं होतं. ईस्टर आणि त्याचा जोडीदार डॉन डिक्सन यांनी ‘पिल्ग्रिमेज’ हे गाणं करून दिलं. कंपनीने ते ऐकलं आणि अख्खा अल्बम त्यांच्या हाती सोपवला. तूही प्रोड्यूसरशी शब्दांनी वाद घालू नकोस. एका दिवसाचा स्टुडिओ घ्या, चौघं एकत्र वाजवा, आणि ते गाणं त्याच्यासमोर ठेव. चांगला कान असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

जानेवारी १९८३ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरी रिफ्लेक्शन स्टुडिओत गेले, तेव्हा काय करायचं नाही हे पक्कं होतं. गिटार सोलो नको. त्या काळी जिकडेतिकडे वाजणारे सिंथ नकोत. बेरीचा तर हट्टच होता की माझे ड्रम्स बंद बूथमध्येच, म्हणजे छोट्या बंदिस्त खोलीत, घ्या. तेव्हा ही पद्धत जुनाट मानली जायची. ड्रम्स मोठ्या खोलीत वाजवून त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकायचा आणि तो मधेच कापायचा, हा आवाज फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या गाण्यापासून गाजायला लागला होता. आज त्या काळातला कुठलाही तसा स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला कडक वाजणारा ढोल, ऐक, साल लगेच ओळखता येतं. बेरीचा स्नेअर कोरडा, जवळचा, कुणी शेजारी बसून वाजवतंय असा आहे, आणि त्यावरून साल सांगता येत नाही. सोलो नसल्यामुळे बकच्या रिकनबॅकर गिटारवर सुटे सुटे सूर उमटत राहतात, आणि मिल्सचा बास मोकळ्या जागेत स्वतःची चाल गात जातो. हे नीट ऐक, कारण तुमचा बासवाला असंच वाजवतो आणि स्टुडिओतल्या मिक्समध्ये तो मला सापडलाच नाही.

म्हणून पुढच्या रिहर्सलला वाद्यं बाजूला ठेवा आणि चौघं मिळून ‘नको’ची यादी करा. काय नको ते लिहिताना प्रत्येकाला आपल्या कानाचं कारण द्यावं लागेल. ‘ते जुनं वाटतं’, ‘सगळे करतात’ ही कारणं चालणार नाहीत.

हे सगळं त्यांना ठामपणे म्हणता आलं, कारण मागे तीन वर्षांचं वाजवणं होतं. पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० ला, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. मग जुनाट निळ्या व्हॅनमधून दक्षिणेकडची राज्यं पालथी घातली, जेवणाला माणशी रोजचे २ डॉलर. अल्बममधली बरीच गाणी लोकांसमोर तावून सुलाखून निघालेली होती. तुमच्या यादीतली शेवटची तीन गाणी अजून एकदाही लोकांपुढे वाजलेली नाहीत असं तू लिहितेस. ती आत्ता रेकॉर्ड करू नका. आधी लहान जागी वाजवा, लोक कुठे गप्पा मारायला लागतात ते बघा, आणि तेवढा भाग कापा.

एका बाबतीत मात्र ‘मर्मर’चा कित्ता गिरवू नकोस. स्टाइप शब्द गिळतो, अर्थ हाती लागू देत नाही, आणि तिथे ते शोभतं, कारण तो आवाजाचाच वाद्यासारखा उपयोग करतो. पण मराठी श्रोता गाण्यात आधी शब्द धरतो. भावगीतावर, अभंगावर पोसलेले कान आहेत आपले. दुसऱ्या कडव्यात तू शब्द पुसट गातेस ते शैली म्हणून नाही. ती ओळ अजून झालेली नाही, आणि ती लपवता येणार नाही. तिच्यावर पुन्हा बस.

आता पैशांचं. यावर मैत्रीत बोलायला संकोच वाटतो, म्हणून मीच लिहितो. आर.ई.एम.ने गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे समान ठेवलं. ‘परफेक्ट सर्कल’चं संगीत मुळात बेरीचं, ड्रमरचं. तरी नावं चौघांची. पुढे १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्टेजवरच बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो त्यातून वाचला, आणि १९९७ मध्ये बँडमधून बाहेर पडला. कुणी गेला तरी आधीच्या गाण्यांवरून भांडण उरू नये, याची सोय पहिल्याच दिवशी करायची असते. तुम्हीही आत्ताच, एकही गाणं गाजलेलं नसताना, कागदावर लिहा: शब्द आणि चाल कुणाच्या नावे, वाटा किती, आणि मास्टर रेकॉर्डिंगची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, मालकी कुणाकडे. गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग हे दोन वेगळे हक्क आहेत, करारात ते सर्रास एकात एक मिसळलेले असतात. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही कुणाला काढून घेता येत नाही. पण तो मिळायला तुमचं नाव नोंदलेलं हवं, तेव्हा आय.पी.आर.एस. या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या.

कव्हरसाठी विकतचं चित्र नको. ‘मर्मर’च्या पुढच्या बाजूला जॉर्जियात झाडं-खोपटी गिळून टाकणारी कुडझूची वेल आहे आणि मागे अथेन्समधला रेल्वेचा लाकडी पूल. तुमच्या गल्लीतही काहीतरी असेलच.

अल्बम एप्रिल १९८३ मध्ये आला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी संगीत मासिकाच्या समीक्षकांनी त्याला मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या पुढे वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. विक्री मात्र वर्षाअखेर २ लाखांच्या आसपास, बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या अल्बम यादीत ३६ वा क्रमांक. अमेरिकेत ५ लाखांचा, म्हणजे गोल्डचा, टप्पा गाठायला १९९१ उजाडलं. तू पहिल्या आठवड्यातल्या स्ट्रीमचा आकडा ठरवून ठेवलायस, तो खोडून टाक. त्याऐवजी अल्बमनंतरच्या वर्षात कुठे कुठे वाजवणार आहात ते लिहून काढ.

त्या एका दिवसाच्या सेशनसाठी जुनंच गाणं घ्या, ज्यावर जॅमपॅडमध्ये तुमचा ड्रमर हसतोय असं ऐकू येतं ते. क्लिक बंद ठेवा. झालं की मिक्स न करता तसंच मला पाठव. बासचा ट्रॅक वेगळाही पाठव.

तुझा,
काका