हौशी लोकांकडून युक्त्या गोळा करून मार्गदर्शक लेख लिहायचा असेल, तर त्यांना नेमके काय विचारावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, लेखन हा आपला व्यवसाय आहे, फाउंटन पेनांची निगा या विषयावर मार्गदर्शक लेखाचे काम आपल्याकडे आले आहे, स्वतःला या छंदाचा फारसा अनुभव नाही आणि हौशी संग्राहकांकडून युक्त्या गोळा करून लिहिणे कितपत योग्य व भरवशाचे ठरेल, अशी शंका आहे. मीही मानधन घेऊन लिहितो आणि या छंदात बऱ्याच काळापासून आहे, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत. असे लिहिण्यात गैर काहीच नाही. मात्र युक्ती कोणीही उत्साहाने सांगतो. ती कोणत्या पेनाला लागू पडते आणि कोणत्या पेनाचा घात करते, हे काढून घेणे हेच लेखकाचे खरे काम आहे.

‘पेन तुंबले की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा’ हा सर्रास मिळणारा सल्ला पाहा. निबाखालच्या फीडमध्ये बारीक खाचा असतात, त्यांतून केशाकर्षणाने शाई उतरते, आणि नेहमीच्या शाईतील रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे साध्या प्लास्टिकच्या पेनाला हा उपाय उत्तम लागू पडतो. तेच पेन केसीनचे, म्हणजे दुधातील प्रथिनापासून बनवलेल्या जुन्या पदार्थाचे असेल, तर ते पाणी शोषून फुगते. एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे असेल तर, विशेषतः पाणी गरम असल्यास, त्याचा काळा रंग उडून ते तपकिरी दिसू लागते. आत चित्रकलेची लाखयुक्त इंडिया इंक वाळली असेल, तर नुसत्या पाण्याने ती सुटत नाही. सांगणाऱ्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याच्याकडची पेने प्लास्टिकची असतात आणि ते वेगळे सांगण्याची गरज त्याला वाटत नाही, इतकेच.

म्हणून ‘तुमची युक्ती सांगा’ असे विचारण्याऐवजी पेन कशाचे होते, शाई कोणती होती आणि हा उपाय कधी अंगाशी आला का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे सर्वांत मोलाची असतात, कारण ज्याचे पेन बिघडले तो सहसा आपणहून बोलत नाही. ‘हे तुम्ही स्वतः केले आहे की ऐकले आहे?’ हेही संकोच न करता विचारावे. दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे दहा पुरावे झाले असे नव्हे. पुष्कळदा ते दहाही जण कोणा एकाचेच म्हणणे पुढे सांगत असतात.

काही गोष्टी मात्र विचारून कळतच नाहीत. खरखरणारे निब अतिशय बारीक अपघर्षक कागदावर फिरवून गुळगुळीत करतात, हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण हात किती हलका ठेवायचा, किती वेळा फिरवून थांबायचे आणि मध्येच भिंगातून निबाची दोन टोके एका पातळीत आहेत का हे कसे पाहायचे, ते जाणकाराच्या शेजारी बसूनच समजते. (पुष्कळदा खरखर त्या टोकांच्या वरखाली होण्यामुळेच असते आणि घासण्याची गरजच नसते.) टोकावरील कठीण मिश्रधातू एकदा झिजला की परत येत नाही, म्हणून हे काम मी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याविषयी लिहीत नाही.

श्रेयाविषयी. आपण मोबदला घेऊन लिहीत आहात हे पहिल्याच भेटीत सांगावे. मागाहून कळले की लोकांना आपला वापर झाल्यासारखे वाटते, आणि ते रास्तच आहे. कायद्याने पाहिले तर ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम 9(2) नुसार कॉपीराइट अभिव्यक्तीला असतो, कल्पनेला किंवा कार्यपद्धतीला नसतो. तेव्हा युक्ती आपल्या शब्दांत लिहिता येते, पण एखाद्याचे वाक्य किंवा छायाचित्र विनापरवानगी उचलता येत नाही. माझे मत विचाराल, तर कायद्याने सूट दिली तरीही नाव छापू का असे विचारावे, छपाईपूर्वी त्याच्याविषयीचा परिच्छेद त्याला दाखवावा, आणि कोणी आपला दिवस घालवून प्रात्यक्षिक दिले असेल तर त्याला मानधन द्यावे.

आणखी एक जबाबदारी फक्त लेखकाची असते. वाळून घट्ट झालेल्या शाईसाठी बरेच हौशी लोक घरगुती अमोनियाचा एक भाग सुमारे नऊ भाग पाण्यात मिसळून वापरतात, आणि ओळखीच्या माणसाला तोंडी सांगताना एवढे पुरते. छापताना मात्र हे द्रावण ॲल्युमिनियमच्या किंवा पितळी भागांना लावू नये आणि ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो, हे लिहिलेच पाहिजे. ही सूचना युक्ती सांगणाऱ्याच्या तोंडून आली नसली, तरी ती युक्तीच्याच वाक्याला जोडून द्यावी, लेखाखालच्या टिपेत ढकलू नये.