स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी पर्यावरणपूरक घर बांधणाऱ्या विद्यार्थी टीममध्ये जावं का? कोणतं काम घ्यावं? वर्ष वाया जातं का?

जा. पण विजेच्या गटात नको, न्हाणीघराच्या गटात जा. तिथे जागा नक्की मिळेल. सगळ्यांना सोलर पॅनल आणि बॅटरी हवी असते, कमोड कुठे बसवला याचं रील कोणी टाकत नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या टीमने एका स्पर्धेसाठी असंच घर काढलं होतं. कॉलेजचं नाव घेत नाही, पुढे भांडण आहे. सुरुवात अर्थात 'डेझर्ट रोझ'पासून. ऑस्ट्रेलियातल्या वुलंगाँग विद्यापीठाच्या पोरांचं ते घर 2018 च्या दुबईच्या सोलर डेकॅथ्लॉनमध्ये, म्हणजे सौरऊर्जेवर चालणारी घरं बांधायच्या विद्यार्थी स्पर्धेत, दुसरं आलं, तुम्ही बघितलंच असेल. आमच्यातल्या निम्म्यांनी त्याचे पॅनल तेवढे पाहिले. ते म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश धरून आखलंय, हे त्यांना दुसऱ्या मीटिंगला कळलं.

माझ्या घरी आजी होती. तेव्हा तिला चार वर्षं झाली होती विसरायला लागून. मला ती बाळू म्हणायची. बाळू माझा काका. वर्कशॉपच्या शेडमध्ये आम्ही प्लायवूडची पूर्ण मापाची न्हाणी उभी केली, तेव्हा मी म्हटलं, आजीला आणू या. गाइड सरांनी मान डोलावली. आई तिला रिक्षाने घेऊन आली.

आजी आत गेली आणि आधी नळ फिरवायला लागली. नळ लिव्हरचा, वर उचलायचा. तिने तो डावीकडे पिळला, उजवीकडे पिळला, मग पदराला हात पुसले आणि विचारलं, "तांब्या कुठाय?" तांब्या नव्हता. बादलीसुद्धा नव्हती, कारण रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या घराच्या चित्रात, ती घाण दिसते.

मग आम्ही तिला नुसतं, लुगड्यातच, कमोडवर बसवून बघायला सांगितलं. पाणी जोडलेलंच नव्हतं. दार लोटून घेतलं, आई बाहेर उभी. दाराच्या वर मोशन सेन्सर, वेळ साठ सेकंद. तो सेन्सर उष्ण वस्तूची हालचाल टिपतो, स्वस्थ बसलेलं माणूस त्याच्या लेखी नसतंच. आजी स्वस्थ बसली. मिनिट झालं, दिवा गेला, वर प्लायवूडचं छत असल्याने आत काळोख. सेन्सर बसवणारा आमचा विजेवाला मित्र बाहेरून ओरडला, "आजी, हात हलवा! हात हलवा!"

आतून आवाज आला, "बाळू, दिवे गेले रे. कंदील आण."

दार उघडलं तर दोन्ही हातांनी भिंत चाचपत उभी होती. आणि हा माणूस वहीत लिहितो काय, तर 'सेन्सर चालतो. डिले वाढवावा.' त्यानंतर आम्ही एकाच टीममध्ये सात महिने न बोलता काम केलं.

विजेचा हिशेब मी त्याच रात्री मांडला होता, अजून पाठ आहे. 9 वॅटचा एलईडी चोवीस तास चालू ठेवला तरी दिवसाला 0.216 युनिट, महिन्याला साडेसहाच्या आत. दीड टनी एसी एवढी वीज चार-पाच तासांत खातो. एवढ्यासाठी म्हातारीला काळोखात हात हलवायला लावायचा? पश्चिमेच्या भिंतीला सावली द्या, छताला चुना मारा, त्यातून याच्या कितीतरी पट वाचेल. हे मी मीटिंगमध्ये बोललो तर "भावनिक मुद्दा" म्हणून बाजूला टाकलं. घ्या, इथे आकडे आहेत.

बाकी गोष्टी तुमच्या वाचनात असतील. पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड दिसत नाही, सीट गडद घ्या. दोन्हींच्या एलआरव्हीत, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्या आकड्यात, निदान 30 चा फरक ठेवा. जमीन मात्र सगळीकडे एकाच छटेची, गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल ओली वाटते. कमोड पलंगावरून दिसला पाहिजे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, तेव्हा दिव्यांत काटकसर करणाऱ्याला आधी आजोबांचा चष्मा घालायला लावा. आणि नळ फिरवायचाच घ्या. वुलंगाँगच्याच रिचर्ड फ्लेमिंग आणि कर्स्टी बेनेट यांनी मांडलेल्या दहा तत्त्वांत ओळखीची जागा हे एक तत्त्व आहे. आपल्याकडे ओळखीचं म्हणजे बादली-तांब्या. बादलीने पाणीही कमी लागतं, शॉवरवाल्यांनी मोजून बघावं.

एक मात्र सांगायला हवं. ही सगळी माझ्या एका आजीची गोष्ट आहे, दुसऱ्या कोणाला अंधाराची नाही तर आरशाची भीती वाटेल. शिवाय त्या मित्राने पलंगाखाली एक मंद पट्टी सुचवली होती, पाय जमिनीला टेकले की लागणारी. मी रागाच्या भरात तीही हाणून पाडली. ती चांगली होती. पुढे आम्ही घरी तशीच लावली, आजी रात्री तिच्या उजेडात नीट जायची. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

वर्षाचं म्हणाल तर माझी एटीकेटी लागली, पण ती गणितात. तिचा घराशी संबंध नाही.