कुर्द नायिकेवरची पाळत: ड्रोन घालण्याआधी थोडं थांबा

तुम्ही लिहिलंत: तुर्कस्तानातल्या दियारबाकरच्या एका कुर्द शिक्षिकेवर सरकार पाळत ठेवतं, अशी तुमची राजकीय थरारकादंबरी. आणि संपादक म्हणतात, वेग नाही, ड्रोन घाला, हॅकर घाला. वाचून हसू आलं आणि जुना संतापही वर आला.

माझं हस्तलिखित एका प्रकाशनाच्या कार्यालयाने (नाव घेत नाही) अडकवून ठेवलं होतं. फोन केला की "सर मीटिंगमध्ये आहेत". शेवटी निरोप आला: नायिकेच्या हातात बंदूक द्या, कुर्द बाई म्हटलं की वाचकाला तेच हवं असतं. अहो, माझी नायिका नगरपालिकेत कारकून! तिच्या हाती बंदूक दिली की पोलिस दारात आल्यावर वाचक म्हणणार, येणारच की. मग कादंबरीत उरलं काय? तोवर विषय शिळा झाला म्हणून दुसऱ्या प्रकाशकांनीही नकार दिला. तेव्हा आधी लेखी मुदत घ्या, ती उलटली की सरळ हस्तलिखित परत मागा. भीड धरू नका.

आता पाळत. मी वकील नाही, तुर्की मला येत नाही, त्यामुळे कायद्याचं जाणकाराकडून तपासून घ्या. पण माझ्या मते तिथला सगळा थरार फायलीत आहे. तुर्कस्तानच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो. घाई असेल तर सरकारी वकील देतो आणि मागाहून मंजुरी घेतो. म्हणजे प्रत्येक टॅपिंगखाली कुणाची तरी सही असते. त्या सही करणाऱ्याला पात्र करा. दुसरं पात्र म्हणजे गुप्त साक्षीदार. साक्षीदार संरक्षणाचा कायदा २००७चा. ओळख लपवून दिलेल्या साक्षी कुर्द राजकारण्यांच्या खटल्यांत वापरल्या गेल्या आहेत. तुमच्या शिक्षिकेविरुद्ध कोण बोललं? शेजारीण, मुख्याध्यापक की चुलतभाऊ? तिला कळणारच नाही. ड्रोन काय करणार याच्यापुढे!

खरं उदाहरण हवं असेल तर पॅरिस बघा. ९ जानेवारी २०१३ला पीकेके या कुर्द सशस्त्र संघटनेच्या संस्थापकांपैकी साकिने जानसिझ आणि आणखी दोन कुर्द कार्यकर्त्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. आरोपी त्यांच्याच वर्तुळात मिसळलेला, जानसिझना गाडीतून नेणारा-आणणारा. तुर्की गुप्तचर खात्यावर संशय गेला, खात्याने इन्कार केला, आणि आरोपी २०१६च्या डिसेंबरात खटल्याआधीच आजाराने गेला. निकाल लागलाच नाही.

जाता जाता: कुर्द तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराण अशा चार देशांत विखुरलेत, त्यांची खिचडी करू नका. सीरियात हसाका प्रांताच्या १९६२च्या जनगणनेत लाखाहून जास्त कुर्दांचं नागरिकत्व गेलं. तिथल्या त्या काळातल्या नायिकेची अडचण कागदच नसण्याची. इराणमध्ये २०२२ला पोलिस कोठडीत असताना गेलेली कुर्द तरुणी, घरची जीना अमीनी, कागदोपत्री महसा होती. तुमच्या शिक्षिकेचंही घरचं नाव एक आणि फायलीतलं दुसरं ठेवता येईल, बघा जमतंय का.