भयपट, किळस आणि ‘कसलीशी भीती’

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका वाचकाने विचारलं आहे: कमी खर्चात काढलेला भुताखेतांचा सिनेमा पाहिला की रात्री दिवा मालवायची छाती होत नाही, कापाकापीचा पाहिला की नुसतं मळमळतं. मग दोन्हींना ‘भयपट’च का म्हणायचं?

म्हणू नये. हा भेद आपण रोजच्या बोलण्यात पाळतोच. ‘का कुणास ठाऊक, कसलीशी भीती वाटतेय’ असं सहज तोंडात येतं. ‘कसलीशी किळस वाटतेय’ असं मात्र कुणी म्हणत नाही. किळस कशाची तरी यावी लागते: सडक्या आंब्यातल्या अळीची, वाहत्या जखमेची. भीतीला समोर काही नसलं तरी चालतं, उलट तेव्हाच ती वाढते. म्हणून कापाकापीवाल्याला सगळं दाखवावं लागतं आणि त्याला पैसा लागतो. उलट ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा अमेरिकन भुताचा सिनेमा सुमारे १५,००० डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाला. झोपायची खोली, एका जागी ठेवलेला कॅमेरा, आपोआप हलणारं दार. एवढ्यावर लोक थरकापले.

या सिनेमांचं सगळं बळ ‘चाहूल’ या आपल्या शब्दात आहे. चाहूल दिसत नाही, ती लागते. तहान लागते तशी, न बोलावता. जुन्या नाशकातल्या वाड्यात निजानीज झाल्यावर माळ्याच्या जिन्याची फळी करकरते, तेव्हा माजघरात पडलेला माणूस श्वास रोखून पुढची पायरी वाजायची वाट बघतो. ती वाजली नाही, तर त्याची झोपच उडते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय आणि बीभत्स रसाचा जुगुप्सा, म्हणजे किळस, असा स्पष्ट फरक केला आहे. रक्त-आतडी पाहून होणाऱ्या बीभत्साला भरताने ‘क्षोभज’ असं वेगळं नावही दिलं. मात्र ‘बीभत्साच्च भयानकः’, म्हणजे बीभत्सातून भयानक उपजतो, हेही त्याचंच म्हणणं. तेव्हा रक्तपात पाहून खरोखर घाबरणाऱ्याला खोटं ठरवू नका. किळस ओसरल्यावर ‘हे आपल्यावरही ओढवेल’ ही धास्ती मागे राहिली, तर ते भयच.

तरीही नावं वेगळी हवीत. भुताखेतांचा तो भयपट, कापाकापीचा तो बीभत्सपट. ‘रक्तरंजित’ नको, तो शब्द क्रांती आणि लढायांना इतका चिकटलाय की ऐकणाऱ्याला युद्धपट वाटेल. बोलताना ‘किळसवाणा सिनेमा’ पुरे. आणि लिहाल तेव्हा ‘बीभत्स’मधली बी दीर्घच काढा, ‘बिभत्स’ सर्रास दिसतं.