दुसरीला दशक मोडून वजाबाकी शिकवायला स्वस्त साहित्य कोणतं? पुण्यात कुठे मिळेल?

आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास होलसेलमध्ये स्वस्त पडतात. दहा-दहाचे गठ्ठे मुलांकडूनच बांधून घ्या, त्यात एक तास गेला तरी जाऊ दे. ४२ − १७ म्हणजे चार गठ्ठे, दोन सुट्या. दोनातून सात जाईनात, की मूल स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. सुट्या झाल्या बारा, सात उचलल्या, उरल्या पाच. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक उचलला, उरले दोन, म्हणजे उत्तर २५. बारा कुठून आले ते डोळ्यांसमोर दिसतं. मी दुसरीच्या वर्गावर हेच वापरते. खेळातल्या दहाच्या नोटा मात्र नंतर आणा. नोट सोडता येत नाही, सुटे घ्यावे लागतात, ती पुढची पायरी. आणि काड्यांसोबत पाटीवर मांडणी हवीच, नाहीतर मुलं नुसती मोजत बसतात.